लिनक्समध्ये रॅमचं एन्क्रिप्शन: प्रोसेसरला जमतं का, आणि कर्नेल ते वापरतंय का, हे कसं तपासायचं

डिस्क एन्क्रिप्ट केलेला लॅपटॉप चालू असतो तेव्हा त्याच्या रॅममध्ये सगळं उघडंच पडलेलं असतं: डिस्कची किल्ली, ब्राउझरमधले पासवर्ड, उघडलेल्या फाइली. वीज गेली की रॅम त्याच क्षणी कोरी होते, हा समजही खरा नाही. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मेमरीच्या चिप थंड केल्या, वीज तोडली आणि तरीही त्यांतून डिस्कच्या किल्ल्या वाचून दाखवल्या. यावरचा हार्डवेअरचा तोडगा म्हणजे मेमरी कंट्रोलरमध्येच बसवलेलं एईएस एन्क्रिप्शन. प्रोसेसरमधून रॅमकडे जाताना मजकूर एन्क्रिप्ट होतो आणि परत येताना उलगडतो. किल्ली मशीन चालू होताना तयार होते आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येत नाही.

नवखा माणूस इथे एक कमांड चालवतो, फ्लॅग (प्रोसेसरच्या सोयीचं सांकेतिक नाव) दिसला तर खूश होतो, नाही दिसला तर प्रोसेसरला नावं ठेवतो. दोन्ही घाईचं आहे. प्रश्न खरं तर चार आहेत. सिलिकॉनमध्ये सोय आहे का? बायोसने, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरने, ती चालू केली आहे का? कर्नेल (लिनक्सचा गाभा) त्या सोयीसह बांधलेलं आहे का? आणि या बूटला कर्नेलने ती खरोखर वापरली का? चारही उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात आणि ती एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

एक सूचना आधीच: खालच्या कमांड, फाइलींची नावं आणि कर्नेलचे संदेश देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाइप करायचे. कमांड, फ्लॅग आणि फाइलींची नावं लहान अक्षरांत, फक्त कर्नेल कॉन्फिगचे पर्याय मोठ्या अक्षरांत.

कोणतं नाव कशाचं

एएमडीकडे एसएमई म्हणजे कर्नेलने स्वतः चालवायचं एन्क्रिप्शन. कर्नेल पेज टेबलच्या (मेमरीच्या पानांचे पत्ते ठेवणाऱ्या तक्त्याच्या) नोंदीत एक बिट लावतं, त्याला सी-बिट म्हणतात. तो लागला की ते पान रॅममध्ये एन्क्रिप्ट होऊन बसतं. टीएसएमई हा त्याचाच पारदर्शक प्रकार. बायोसमधून एकदा चालू केला की सगळी रॅम एन्क्रिप्ट होते आणि कर्नेलला काहीच करावं लागत नाही. रायझन प्रो लॅपटॉपच्या जाहिरातीत 'मेमरी गार्ड' म्हणतात ते हेच. एसईव्ही व्हर्च्युअल मशीनसाठी आहे: प्रत्येक गेस्टला (व्हर्च्युअल मशीनला) वेगळी किल्ली. एसईव्ही-ईएस गेस्टचे रजिस्टरही (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागा) झाकतं, आणि एसईव्ही-एसएनपी होस्टला, म्हणजे ते चालवणाऱ्या मशीनला, गेस्टच्या मेमरीत गुपचूप फेरफार किंवा अदलाबदल करण्यापासून रोखतं.

इंटेलकडे टीएमई म्हणजे सगळ्या रॅमला एकच किल्ली. स्वभावाने ते टीएसएमईच्या जवळचं आहे, बायोसमधूनच चालू होतं. एमकेटीएमईमध्ये अनेक किल्ल्या असतात, आणि टीडीएक्स त्यावर उभं राहून व्हर्च्युअल मशीन झाकतं.

पायरी १: तुम्ही खऱ्या मशीनवर आहात ना?

'सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट' चालवा. उत्तर 'नन' आलं तर पुढे जा. 'केव्हीएम', 'व्हीएमवेअर' किंवा 'डब्ल्यूएसएल' आलं तर तुम्हाला दिसणारे फ्लॅग होस्टने निवडून दिलेले आहेत. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर बसून आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर तपासण्यात अर्थ नाही. त्यासाठी लाइव्ह यूएसबीवरून लिनक्स बूट करा.

मग 'यूनेम -आर' आणि 'यूनेम -एम'. पहिलं कर्नेलची आवृत्ती सांगतं, दुसऱ्याचं उत्तर 'एक्स८६_६४' असायला हवं. ३२ बिटी कर्नेल एएमडीचे हे फ्लॅग स्वतःहून पुसून टाकतं, प्रोसेसर कितीही नवा असला तरी.

पायरी २: फ्लॅग, आणि ते फसवतात कसे

ग्रेप -ओ -डब्ल्यू -ई 'एसएमई|एसईव्ही|एसईव्ही_ईएस|एसईव्ही_एसएनपी|टीएमई' /प्रॉक/सीपीयूइन्फो | सॉर्ट -यू

यातली '-ई' मोठ्या अक्षरात टाइप करा, आणि '-डब्ल्यू' विसरू नका. 'एसएमईपी' नावाचा एक वेगळाच फ्लॅग आहे. त्याचा मेमरी एन्क्रिप्शनशी काडीचा संबंध नाही, आणि २०१२ नंतरच्या जवळपास प्रत्येक इंटेल प्रोसेसरवर तो असतो. पूर्ण शब्द जुळवायला सांगितलं नाही, तर ग्रेप त्यातली पहिली तीन अक्षरं पकडतं आणि इंटेलच्या मशीनवर एएमडीची सोय सापडल्याचा साक्षात्कार होतो. मंचांवरचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात, असं म्हटलं तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. /प्रॉक/सीपीयूइन्फोमधली यादी म्हणजे प्रोसेसरने सांगितलेली कच्ची यादी नव्हे. कर्नेल ती चाळून दाखवतं. एएमडीच्या बाबतीत बूटच्या सुरुवातीलाच कर्नेल एक रजिस्टर वाचतं. बायोसने एन्क्रिप्शनचा बिट लावलेला नसेल, तर एसएमई आणि एसईव्हीचे सगळे फ्लॅग काढून टाकतं. सिस्टम मॅनेजमेंट मोडचं कुलूप बायोसने लावलेलं नसेल तर एसईव्हीचे फ्लॅग जातात. शिवाय अलीकडच्या कर्नेलमध्ये, एसएमई प्रत्यक्ष वापरात नसेल तर त्याचाही फ्लॅग पुसला जातो. म्हणून फ्लॅग न दिसणं म्हणजे 'प्रोसेसरला जमत नाही' असा अर्थ होत नाही.

उलट बाजूनेही हेच. जुन्या कर्नेलवर 'एसएमई' दिसतो, पण त्याचा अर्थ फक्त बायोसने दार उघडलंय एवढाच. कर्नेल आत गेलं का ते त्यातून कळत नाही. इंटेलचा 'टीएमई' जुन्या कर्नेलवर, बायोसमध्ये बंद असतानाही दिसत राहायचा. आणि बऱ्याच रायझन डेस्कटॉपवर 'एसईव्ही' दिसतो, पण एएमडी ती सोय अधिकृतपणे एपिक या सर्व्हर प्रोसेसरच्या मालिकेतच देते. त्या फ्लॅगच्या भरवशावर रायझन घेऊन सुरक्षित व्हर्च्युअल मशीनचा सर्व्हर उभारायला जाऊ नका.

पायरी ३: प्रोसेसरलाच विचारा

सिलिकॉनचं खरं उत्तर सीपीयूआयडी या सूचनेतून मिळतं. खऱ्या मशीनवर कर्नेल त्यात लुडबुड करत नाही. 'सीपीयूआयडी' याच नावाचं पॅकेज डेबियन, उबुंटू आणि फेडोराच्या भांडारात आहे.

एएमडीवर:

सीपीयूआयडी -१ -आर -एल ०एक्स८०००००१एफ

'-१' म्हणजे एकाच कोअरचं उत्तर, '-आर' म्हणजे कच्चे आकडे. चार रजिस्टर छापले जातात आणि चारही कामाचे आहेत.

ईएएक्समध्ये सोयी असतात. बिट ० म्हणजे एसएमई, बिट १ एसईव्ही, बिट ३ एसईव्ही-ईएस, बिट ४ एसईव्ही-एसएनपी. हेक्समधला शेवटचा अंक 'एफ' असेल तर ० ते ३ हे चारही बिट लागलेले आहेत. शेवटून दुसरा अंक विषम असेल, म्हणजे १, ३ वगैरे, तर एसएनपीही आहे. चारही रजिस्टर शून्य आले तर प्रोसेसरला यातलं काहीच जमत नाही आणि इथेच थांबायचं.

ईबीएक्समध्ये सी-बिट कुठे बसतो ते आणि त्याची किंमत काय ते. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या एपिकवर, म्हणजे नेपल्स आणि रोमवर, इथे ०एक्स१६एफ येतं. ते बायनरीत उलगडलं तर १०११०११११. उजवीकडचे सहा बिट १०११११, दशमानात ४७. याचा अर्थ पत्त्यातला ४७ क्रमांकाचा बिट हा सी-बिट. त्यापुढचे सहा बिट ०००१०१, म्हणजे ५: एन्क्रिप्शन चालू असताना भौतिक पत्त्यातले ५ बिट कमी होतात. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर /प्रॉक/सीपीयूइन्फोमधली 'ॲड्रेस साइझेस' ही ओळ बघा. या पिढ्यांवर बायोसने एन्क्रिप्शन चालू केलेलं असेल तर तिथे ४८ ऐवजी '४३ बिट्स फिजिकल' दिसतं. एपिकच्या सर्व्हरवर हा ४३ पाहून लोक प्रोसेसर सदोष असल्याची तक्रार करतात. तो दोष नाही, हिशेब आहे.

ईसीएक्स सांगतं एकाच वेळी किती एन्क्रिप्टेड गेस्ट चालतील. नेपल्सवर हा आकडा १५ होता, रोमवर तो ५०९ झाला. ईडीएक्सबद्दल पायरी ७ मध्ये.

इंटेलवर लीफ ७, सबलीफ ० (सीपीयूआयडीच्या उत्तरांचे क्रमांकित गट) मधला ईसीएक्सचा १३ वा बिट बघायचा. त्याचं अधिकृत नाव ऐकून 'टीएमई चालू आहे' असं वाटतं, पण तो फक्त एवढंच सांगतो की टीएमईचे रजिस्टर या प्रोसेसरवर आहेत. चालू आहे का हे त्या रजिस्टरांतूनच वाचावं लागतं.

पायरी ४: बायोसने दार उघडलंय का?

यासाठी 'एमएसआर-टूल्स' हे पॅकेज आणि रूटचे अधिकार लागतात.

सुडो मॉडप्रोब एमएसआर
सुडो आरडीएमएसआर -ए -एफ २३:२३ ०एक्ससी००१००१०

हा एएमडीचा सिसकॉन्फिग रजिस्टर, आणि त्यातला २३ वा बिट म्हणजे मेमरी एन्क्रिप्शनची परवानगी. '-एफ २३:२३' दिल्यामुळे अख्खा हेक्स आकडा उलगडत बसावा लागत नाही, थेट १ किंवा ० मिळतो. '-ए' मुळे प्रत्येक कोअरसाठी एक ओळ येते. सगळीकडे १ हवेत. काही कोअरवर १ आणि काहींवर ० आले तर बायोसमध्ये गडबड आहे. बोर्डाच्या उत्पादकाकडून नवी आवृत्ती घ्या आणि पुन्हा बघा.

इंटेलवर:

सुडो आरडीएमएसआर -एफ १:१ ०एक्स९८२
सुडो आरडीएमएसआर -एफ ०:० ०एक्स९८२

पहिलं उत्तर चालू-बंद सांगतं, दुसरं रजिस्टर कुलूपबंद आहे का ते. दोन्ही १ असतील तरच कर्नेल टीएमई चालू मानतं. याच रजिस्टरमधले ४ ते ७ बिट ('-एफ ७:४') ० असतील तर एईएस-एक्सटीएस १२८ बिटी किल्लीसह, २ असतील तर २५६ बिटी. 'सीपीयू ० कॅनॉट रीड एमएसआर' अशी ओळ आली तर घाबरू नका. त्या प्रोसेसरवर हा रजिस्टरच नाही एवढाच तिचा अर्थ.

० आला तर मशीन बंद करून बायोसमध्ये जावं लागेल. एएमडी सर्व्हर बोर्डांवर हा पर्याय बहुधा 'एएमडी सीबीएस', मग 'सीपीयू कॉमन ऑप्शन्स', मग 'एसएमईई' अशा वाटेने सापडतो. टीएसएमई वेगळ्या ठिकाणी, मेमरीच्या किंवा 'यूएमसी' च्या सुरक्षा मेनूत असतो. लॅपटॉपवर तो 'सिक्युरिटी' खाली असतो, नाहीतर दाखवलेलाच नसतो. पर्याय 'ऑटो' वर असेल तर तो 'एनेबल्ड' करा. ऑटोचा अर्थ प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने लावतो.

पायरी ५: कर्नेलमध्ये सोय बांधली आहे का?

ग्रेप मेम_एन्क्रिप्ट /बूट/कॉन्फिग-$(यूनेम -आर)

इथे शोधायचा शब्द मोठ्या अक्षरांत टाइप करा. 'कॉन्फिग_एएमडी_मेम_एन्क्रिप्ट=वाय' ही ओळ हवी. /बूटमध्ये ती फाइल नसेल तर /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड मध्ये 'झेडग्रेप' ने शोधा. होस्टवर एसईव्ही गेस्ट चालवायचे असतील तर 'कॉन्फिग_केव्हीएम_एएमडी_एसईव्ही' आणि सिक्युअर प्रोसेसरशी (एएमडीच्या चिपमधल्या सुरक्षेच्या छोट्या प्रोसेसरशी) बोलणारा 'कॉन्फिग_क्रिप्टो_डेव्ह_एसपी_पीएसपी' हेही लागतात. मोठ्या वितरणांच्या ६४ बिटी कर्नेलमध्ये हे सहसा असतं. स्वतः बांधलेल्या किंवा काटछाट केलेल्या कर्नेलमध्ये पहिला संशय इथेच घ्या.

आवृत्तीचा हिशेबही लागतो. एसएमई ४.१४ मध्ये आलं, २०१७ च्या नोव्हेंबरात. एसईव्ही गेस्ट ४.१५ पासून, केव्हीएम होस्ट ४.१६ पासून. एसईव्ही-ईएसचा गेस्ट ५.१० आणि होस्ट ५.११. एसएनपीचा गेस्ट ५.१९ मध्ये आला, पण होस्टची बाजू मुख्य कर्नेलमध्ये यायला ६.११, म्हणजे २०२४ उजाडलं. टीडीएक्सचा गेस्ट ५.१९, आणि केव्हीएमवर टीडीएक्स गेस्ट चालवणं ६.१६ पासून. एंटरप्राइझ वितरणं यातलं बरंच जुन्या आवृत्त्यांत मागे नेऊन बसवतात. त्यामुळे तिथे आवृत्तीच्या आकड्यापेक्षा वितरणाच्या प्रकाशन-टिपणांवर विश्वास ठेवा.

पायरी ६: एसएमई चालू करून बघणं

बायोस आणि कर्नेल दोन्ही तयार असले तरी एसएमई आपोआप लागत नाही. बूटच्या वेळी कर्नेलला 'मेम_एन्क्रिप्ट=ऑन' असं सांगावं लागतं. मशीन चालू झाल्यावर नंतर ते लावता येत नाही, कारण कर्नेल बूटच्या अगदी पहिल्या टप्प्यात स्वतःलाच जागच्या जागी एन्क्रिप्ट करतं.

थेट /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये लिहायला धावू नका. आधी एका बूटपुरतं करून बघा. ग्रबच्या मेनूत कर्नेलच्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून मेम_एन्क्रिप्ट=ऑन लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. काही बिघडलं तर बटण दाबून पुन्हा चालू करा, बदल गेलेला असतो.

बूट झाल्यावर:

कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन
सुडो डीमेसेज | ग्रेप -आय 'मेमरी एन्क्रिप्शन'

दुसऱ्या कमांडचं नाव डी, एम, ई, एस, जी या पाच अक्षरांत टाइप होतं. 'मेमरी एन्क्रिप्शन फीचर्स ॲक्टिव्ह: एएमडी एसएमई' ही ओळ आली की काम झालं. जुन्या कर्नेलवर 'एएमडी' हा शब्द ओळीच्या सुरुवातीला असतो, म्हणून पूर्ण ओळ नव्हे, मधले दोन शब्दच शोधा. मशीन बरेच दिवस चालू असेल तर कर्नेलच्या नोंदींचा साठा भरून बूटच्या ओळी पुसल्या गेलेल्या असतात. अशा वेळी 'सुडो जर्नलसीटीएल -के -बी' मधून शोधा.

ओळ नाही आणि पायऱ्या ३ ते ५ बरोबर? मग पहिल्यांदा सीएमडीलाइनमधलं स्पेलिंग बघा. कर्नेल इथे 'ऑन' हाच शब्द ओळखतं. 'मेम_एन्क्रिप्ट=१' लिहिलं तर ते कुरकुर न करता दुर्लक्ष करतं.

चालणारं दिसलं की कायमचं करा. डेबियन आणि उबुंटूवर /इटीसी/डिफॉल्ट/ग्रबमधल्या 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स' (हे नाव मोठ्या अक्षरांत) मध्ये ते जोडून 'सुडो अपडेट-ग्रब'. फेडोरावर 'सुडो ग्रबी --अपडेट-कर्नेल=ऑल --आर्ग्स="मेम_एन्क्रिप्ट=ऑन"', आणि इथे 'ऑल' मोठ्या अक्षरांत.

आता बिघाडांकडे. सर्वांत जास्त त्रास ग्राफिक्स आणि जुन्या कार्डांचा. कारण साधं आहे. सी-बिट हा पत्त्याचाच भाग आहे, आणि तो बराच वर, नेपल्स आणि रोमवर ४७ व्या जागी, बसतो. जे उपकरण ३२ बिटांपर्यंतचेच पत्ते देऊ शकतं, ते हा बिट लावूच शकत नाही. त्याने थेट रॅममध्ये लिहिलं तर कर्नेलला कचरा वाचायला मिळेल. म्हणून कर्नेल रॅमचा एक छोटा भाग एन्क्रिप्ट न करता राखून ठेवतं, उपकरणाची देवाणघेवाण तिथून करतं आणि मजकूर इकडून तिकडे उतरवत राहतं. ही एसडब्ल्यूआयओटीएलबीची जागा साधारणपणे ६४ एमबी असते. जड काम आलं की ती संपते आणि नोंदींत 'स्वायओटीएलबी बफर इज फुल' अशा ओळी यायला लागतात, डिस्क किंवा नेटवर्क अडखळतं. यावर पहिला उपाय म्हणजे आयओएमएमयू बायोसमध्ये चालू ठेवणं. तो पत्ते बदलून देतो, त्यामुळे उपकरणाला सी-बिटची फिकीर करावी लागत नाही. याच कारणाने, एसएमई चालू असताना कर्नेल आयओएमएमयूचा पासथ्रू मोड स्वतःहून बंद करतं आणि तशी नोंदही करतं. 'आयओएमएमयू=पीटी' कुठल्यातरी वेगाच्या टिपेवरून उचलून लावलेलं असेल तर काढून टाका.

स्क्रीन काळी राहणं हाही नेहमीचा अनुभव, विशेषतः ग्राफिक्स आत असलेल्या रायझनवर. रेव्हन रिज चिपवर बूटच होत नसल्याच्या तक्रारींनंतर कर्नेलच्या विकासकांनी हे एन्क्रिप्शन आपोआप चालू करणारा कॉन्फिग पर्याय मुळातून निवडलेला ठेवणं थांबवलं. त्यामुळे आमचं सांगणं सरळ आहे: लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असेल आणि बायोसमध्ये टीएसएमई मिळत असेल तर एसएमईच्या नादी लागू नका. सगळी रॅम झाकली जाते, सी-बिटची भानगड नाही, ड्रायव्हरना काही कळतही नाही. दोन्ही एकदम लावून दुप्पट सुरक्षा मिळत नाही. तसं केलं तर नवं कर्नेल स्वतःच नोंदीत लिहितं की टीएसएमई चालू असताना एसएमईची गरज नाही.

टीएसएमईची अडचण एकच: फ्लॅगमध्ये आणि 'मेमरी एन्क्रिप्शन फीचर्स' च्या ओळीत ते दिसत नाही. सगळी रॅम एन्क्रिप्टेड आणि वरच्या सगळ्या तपासण्या 'नाही' म्हणतात, असं होऊ शकतं. त्यासाठी:

कॅट /सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस/*/टीएसएमई_स्टेटस

१ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. ही फाइल ५.१९ पासूनच्या कर्नेलमध्ये 'सीसीपी' ड्रायव्हर तयार करतो. प्रोसेसरमधला सिक्युअर प्रोसेसर ही माहिती देत नसेल तर फाइलच नसते, आणि मग बायोसच्या मेनूवरच विसंबावं लागतं. 'एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर सिक्युरिटी' ही कमांडही 'एन्क्रिप्टेड रॅम' या ओळीत निकाल देते आणि वाचायला सोपी आहे. तिथे 'नाही' आलं तर मात्र हातानेही खात्री करून घ्या.

इंटेलवर या सगळ्याच्या जागी एकच ओळ: 'सुडो डीमेसेज | ग्रेप टीएमई'. 'एक्स८६/टीएमई: एनेबल्ड बाय बायोस' किंवा 'नॉट एनेबल्ड बाय बायोस'. कर्नेलला लावायचा कुठलाही पर्याय नाही.

पायरी ७: एन्क्रिप्टेड व्हर्च्युअल मशीनचा होस्ट

फक्त आपलं मशीन तपासायचं होतं त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

/डेव्ह/एसईव्ही ही फाइल आहे का बघा. मग /सिस/मॉड्यूल/केव्हीएम_एएमडी/पॅरामीटर्स/ मधल्या 'एसईव्ही', 'एसईव्ही_ईएस' आणि 'एसईव्ही_एसएनपी' या फाइली वाचा. 'वाय' किंवा १ हवं. लिबव्हर्ट असेल तर 'व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट' चालवा, त्यात 'सिक्युअर गेस्ट सपोर्ट' ची ओळ असते.

एसईव्ही 'वाय' आणि एसईव्ही-ईएस 'एन' अशी जोडी आली, तर नव्वद टक्के लोक कर्नेल बदलायला घेतात. कारण बहुधा ईडीएक्समध्ये असतं. प्रत्येक एन्क्रिप्टेड गेस्टला एएसआयडी नावाचा एक क्रमांक लागतो, आणि हे क्रमांक दोन वाट्यांत विभागलेले असतात. ईडीएक्समधला आकडा म्हणजे साध्या एसईव्ही गेस्टचा पहिला क्रमांक. त्याच्या खालचे सगळे ईएस आणि एसएनपीचे. ईडीएक्स १ असेल तर त्याखाली एकही क्रमांक उरत नाही, म्हणून ईएस बंद. बायोसमधली 'एसईव्ही-ईएस एएसआयडी स्पेस लिमिट' ही किंमत १०० केली, तर ५०९ क्रमांकांच्या प्रोसेसरवर नोंद येते: एसईव्हीला १०० ते ५०९, ईएसला १ ते ९९. ती किंमत अगदी वर नेली तर उलटं होतं आणि साध्या एसईव्हीला जागा राहत नाही. नव्या कर्नेलमध्ये 'सुडो डीमेसेज | ग्रेप केव्हीएम_एएमडी' या ओळी आकड्यांसकट दाखवतं.

एसएनपीसाठी आणखी दोन गोष्टी. बायोसमध्ये आरएमपी टेबलसाठी (कोणतं पान कोणाचं याची नोंद ठेवणाऱ्या तक्त्यासाठी) जागा राखण्याचा पर्याय चालू हवा. ती राखली असेल तर कर्नेलच्या नोंदींत 'एसईव्ही-एसएनपी: आरएमपी टेबल फिजिकल रेंज' अशी ओळ येते. आणि आयओएमएमयू चालू, पासथ्रूशिवाय. यातलं एक नसलं तरी एसएनपी बंद राहतं.

गेस्टच्या आतून 'मेमरी एन्क्रिप्शन फीचर्स ॲक्टिव्ह' च्या ओळीत 'एएमडी एसईव्ही एसईव्ही-ईएस एसईव्ही-एसएनपी' किंवा 'इंटेल टीडीएक्स' दिसतं. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या मशीनसाठी एवढ्यावर थांबू नका. ती ओळ छापणारं कर्नेल होस्टने दिलेल्या प्रतिमेतलं असू शकतं. प्रोसेसरने सही केलेला अहवाल /डेव्ह/एसईव्ही-गेस्ट मधून मागवून तो मशीनबाहेर, दुसऱ्या संगणकावर पडताळणं हाच भरवशाचा मार्ग.

हे कशापासून वाचवत नाही

एसएमई, टीएसएमई आणि टीएमई रॅमच्या चिप चोरणाऱ्यापासून किंवा तारांवर कान लावणाऱ्यापासून वाचवतात. चालू मशीनवर रूट मिळवलेल्या हल्लेखोराला सगळं उलगडलेलंच दिसतं, कारण तो प्रोसेसरच्या आतून वाचतो. हायबरनेट करताना रॅमची प्रत डिस्कवर उलगडलेल्या रूपातच जाते, म्हणून स्वॅप एन्क्रिप्टेड नसेल तर या सगळ्या खटाटोपावर पाणी पडतं. आणि एसएनपीही अभेद्य नाही. २०२४ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या 'बॅडरॅम' हल्ल्यात, मेमरीच्या पट्टीवरच्या एसपीडी चिपमध्ये क्षमता खोटी लिहून संशोधकांनी एसएनपीची संरक्षणं मोडली. एएमडीने त्यावर फर्मवेअरची दुरुस्ती दिली.

ती दुरुस्ती घेताना एक गोष्ट करायची राहते. बायोस अद्ययावत केल्यावर बऱ्याच बोर्डांवर सगळे पर्याय मूळ जागी जातात, आणि एसएमईई किंवा टीएसएमई पुन्हा 'ऑटो' वर येऊन बसतात. मशीन नेहमीसारखंच बूट होतं, कुठेही इशारा येत नाही. म्हणून सिसकॉन्फिगचा २३ वा बिट, टीएसएमई_स्टेटस आणि डीमेसेजची ओळ या तीन तपासण्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा, आणि बायोसला हात लागला की आधी ती चालवा.